कोरोनात सुटलेले कैदी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात कोरोनाच्या काळात तुरुंगातून तात्पुरत्या सोडलेल्या कैद्यांवर मी लिहिलं होतं, आणि तो निर्णय एकंदरीत बरोबर होता असं माझं मत मांडलं होतं. त्यावर खूप पत्रं आली. बरीचशी रागावलेली, काही घाबरलेली, दोन-तीन तर वाचताना हात थांबला अशी. सगळी छापणं शक्य नाही पण जे मुद्दे पुन्हा पुन्हा आलेत ते इथे घेतेय, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न: ताई, आम्ही साधी माणसं घरात बंद होतो, बाहेर पाऊल टाकलं की पोलीस अडवत होते, आणि ज्यांनी गुन्हे केले त्यांना मात्र दार उघडून घरी पाठवलं. हॉस्पिटलमध्ये आमच्या माणसाला बेड मिळत नव्हता तेव्हा सरकारला कैद्यांच्या तब्येतीची काळजी! हा कसला न्याय?

तुमचा राग मला कळतो आणि तो खोटा नाहीये. ज्याने त्या दिवसांत आपलं माणूस गमावलं त्याला कैद्यांच्या तब्येतीबद्दल कुणी बोललेलं सहन होणार नाही हे मी समजू शकते. पण बेड न मिळणं आणि कैदी सुटणं या दोन गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते बघा, तुम्हाला वाटतंय त्याच्या अगदी उलट आहे.

२०१९ च्या अखेरीस आपल्या देशातल्या तुरुंगांत ४,७८,६०० माणसं होती. जागा १०० जणांची तिथे सरासरी ११८ जण, आणि ही सरासरी आहे, काही तुरुंगांत याच्या कितीतरी पट. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता आठशेच्या आसपास आणि आत अडीच हजारांहून जास्त माणसं. बरॅकमध्ये कूस बदलायची तरी शेजारच्याला सांगून बदलावी लागते अशी अवस्था, तिथे दोन हात लांब राहा हे कुणाला सांगणार? मे २०२० मध्ये त्या एका तुरुंगात शंभरहून जास्त कैद्यांना लागण झाली, पाठोपाठ कर्मचाऱ्यांना झाली. आणि तुरुंग बंद असतो हा आपला समज आहे, आत रोज शिपाई येतात जातात, नवे अटक झालेले येतात, कैद्यांना दवाखान्यात नेतात. तो शिपाई संध्याकाळी आपल्याच वस्तीत घरी येतो. तुरुंगात एकदम दोनशे माणसं आजारी पडली की ती त्याच सरकारी हॉस्पिटलमध्ये जाणार जिथे तुमच्या माणसाला बेड हवा होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात हेच झालं, मे २०२० च्या शेवटी दुसऱ्या तुरुंगातून शंभरावर कैदी नीट तपासणी न करता तिथे हलवले, काही आठवड्यांत दोन हजारांहून जास्त जणांना लागण झाली, २८ कैदी आणि एक कर्मचारी मेले, आणि आजूबाजूच्या हॉस्पिटलांवर जो ताण आला तो वेगळाच.

म्हणून आपल्या सुप्रीम कोर्टाने १६ मार्च २०२० ला स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि २३ मार्चला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं, राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष, गृह किंवा कारागृह खात्याचे सचिव आणि कारागृह महासंचालक असे लोक त्यात. कुणाला सोडायचं ते या समितीने ठरवायचं, उदाहरण म्हणून कोर्टाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातले लोक सुचवले. महाराष्ट्रात मे महिन्यात पॅरोलच्या नियमांत बदल करून आणीबाणीची अभिवचन रजा, म्हणजेच पॅरोल, आणली, आधी ४५ दिवस आणि साथीचा कायदा लागू असेपर्यंत ३०-३० दिवसांनी वाढ. मोक्का (संघटित गुन्हेगारीचा कायदा), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), अंमली पदार्थ, मनी लाँडरिंग, मोठे आर्थिक घोटाळे असले गुन्हे त्यातून वगळले. सात वर्षांहून जास्त शिक्षा झालेल्यांसाठी अट अशी की आधी रजेवर सुटले होते तेव्हा वेळेत परत आले होते का ते बघायचं.

आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही म्हणून सांगते. यात कुणाची शिक्षा माफ झालेली नाही. पक्क्या, म्हणजे गुन्हा शाबीत झालेल्या, कैद्याने बाहेर काढलेले ते दिवस शिक्षेत धरायचे नाहीत हेही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं, म्हणजे जो दीड वर्ष बाहेर होता त्याला ते दीड वर्ष आत जाऊन पुरं करायचंच होतं. शिवाय आतल्या दर शंभर माणसांतले जवळपास सत्तर जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीतच झाला नव्हता. तुमच्या पत्रात "ज्यांनी गुन्हे केले त्यांना" असं आहे ना, त्यातल्या बहुतेकांबद्दल ते अजून कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नव्हतं.

प्रश्न: बाहेर आले ते आजार घेऊनच आले असणार. आमच्या भागात एक जण आला तेव्हा सगळ्यांनी दारं लावून घेतली. चुकलं का?

त्या दिवसांत कोणीही बाहेरून आलं तरी लोक दारं लावून घेत होते, नर्सला आणि डॉक्टरलासुद्धा लोकांनी घरात येऊ दिलं नव्हतं. संसर्ग असलेल्या कैद्याला सोडू नका, सोडायच्या आधी तपासा, सोडलेल्याला घरापर्यंत पोचवायची सोय करा असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं. ते सगळीकडे तंतोतंत पाळलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण आजाराची भीती चौदा दिवसांची होती, तुमच्या भागातली दारं त्यानंतर उघडली का हे तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रश्न: तुम्ही एवढी बाजू घेताय, मग सांगा बाहेर आल्यावर यांनी गुन्हे केले नाहीत का? आणि किती जण परत आलेच नाहीत? पेपरमध्ये तर वाचलं निम्मे फरार.

केले. काहींनी केले, ते लपवायचं काही कारण नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टँपा भागात १९ मार्च २०२० ला साथीमुळे दीडशेहून जास्त जणांना एकदम सोडलं, किरकोळ गुन्ह्यांतले होते सगळे, आणि त्यातल्या एकावर दुसऱ्याच दिवशी झालेल्या खुनाचा आरोप आला. जगभर ती बातमी फिरली. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला तुम्ही सरासरी सांगू शकत नाही, आणि मी सांगणारही नाही.

पण तुम्ही आणि मी ज्या अंतरावरून बघतोय तिथून सगळं चित्र बघायला हवं. त्याच अमेरिकेत केंद्र सरकारच्या तुरुंगांतून साथीच्या काळात ११ हजारांहून जास्त कैद्यांना उरलेली शिक्षा घरी भोगायला पाठवलं, आणि २०२२ च्या मध्यापर्यंत नव्या गुन्ह्यासाठी परत आत गेले ते १७ जण. सतरा. याची बातमी तुमच्या वाचनात आली होती का? नसेल आली, कारण अमुक इतके हजार लोक घरी गप्प राहिले, पोलिसांना फोनवर हजेरी देत राहिले, ही बातमी होत नाही. एका माणसाने एक भयंकर गोष्ट केली की ती मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहते. अमेरिकेतच १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुट्टीवर सुटलेल्या एका कैद्याने केलेला गुन्हा इतका गाजवला की पुढची कित्येक वर्षं तिथले पुढारी कैद्यांच्या रजेचं नाव काढायला घाबरत होते.

या सतरावरून सगळे कैदी सोडले तरी काही होणार नाही असा अर्थ मात्र काढू नका, मी तसं म्हणत नाहीये. ते ११ हजार निवडलेले होते, वय झालेले, आजारी, आत वागणूक चांगली असलेले, आणि बाहेर त्यांच्यावर लक्ष होतं. निवड नीट केली आणि लक्ष ठेवलं तर धोका फार कमी करता येतो, एवढंच त्यातून कळतं.

आता फरार. तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक दिल्लीची आहे, एप्रिल २०२१ मधली. तिहारमधून सोडलेल्या ६,७४० पैकी ३,४६८ जण परत आले नाहीत अशी ती होती. आकडा ऐकून कुणीही हादरेल, मीही हादरले होते. पण तोच आकडा फोडून बघा. त्यातले पक्के कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालाय आणि ज्यांची आपल्याला जास्त भीती वाटते, ते होते १,१८४ आणि त्यातले न आलेले ११२. दहातले नऊ जण स्वतःच्या पायाने चालत परत तुरुंगाच्या दारात गेले. न आलेल्यांत मोठा भरणा कच्च्या कैद्यांचा होता, त्यातल्या काहींना मधल्या काळात नेहमीचा जामीन मिळाला असेल, काहींना तारखांचा घोळ कळला नसेल कारण मुदत वाढत होती, थांबत होती, दुसरी लाट आल्यावर ७ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने आधी सोडलेल्यांना पुन्हा सोडा म्हटलं, जुलैमध्ये पुढचा आदेश येईपर्यंत हजर व्हायला सांगू नका म्हटलं, आणि काही जण खरंच पळाले असतील. पळालेल्याला पकडून आणावं, त्यात दुमत नाही. पण जे ११२ आले नाहीत त्यांच्यामुळे जे हजारावर आले त्यांनाही आपण फरार म्हणतो तेव्हा पुढच्या वेळी परत यायचं कारण आपणच त्यांच्याकडून काढून घेतो. वेळेत परत येणाऱ्याला त्याबद्दल कुणी साधं बरं म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न: माझ्या नवऱ्याने मला जिवे मारायचा प्रयत्न केला होता. केसमध्ये कलमं मात्र साधी लागली, छळ आणि दुखापत. तो आत होता म्हणून मी दोन मुलांना घेऊन त्याच गावात राहू शकत होते. लॉकडाऊन लागला आणि एक दिवस शेजारच्या बाईने सांगितलं, तुझा नवरा सुटून आलाय. मला कोणी फोन केला नाही, कागद आला नाही, काही नाही. बाहेर पडता येत नव्हतं, माहेरी जायला गाडी नव्हती. तुमचा लेख वाचला. माणुसकी दाखवा म्हणता. माझ्याशी कोणी दाखवली?

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. या सगळ्या विषयात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तुम्ही लिहिली आहे.

कोणीच दाखवली नाही. आणि हे घाईत राहून गेलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. समितीत न्यायाधीश होते, सचिव होते, तुरुंगाचे अधिकारी होते, पण जिच्यामुळे तो माणूस आत गेला ती बाई कुठे राहते, तिला आज रात्री कुठे झोपायचंय, हे विचारणारं कुणी त्या टेबलावर नव्हतं. कुणाला सोडायचं ते शिक्षेच्या वर्षांवरून ठरलं. सात वर्षांच्या आत असेल तर सौम्य, वर असेल तर गंभीर. आता बायकोचा छळ हे कलम बघा, त्या वेळचं ४९८अ, त्याची जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. घातक हत्याराने दुखापत, तीही तीन वर्षं. म्हणजे चोरी करणारा आणि बायकोला रोज मारणारा एकाच गठ्ठ्यात आले. चोराला कुठलंही घर चालतं, पण बायकोला मारणारा सुटल्यावर एकाच दारात जाणार, आणि त्या दारात तुम्ही होतात, तेही लॉकडाऊनमध्ये. एप्रिल २०२० मध्येच राष्ट्रीय महिला आयोगाने घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्याचं सांगितलं होतं. एका खात्याला कळत होतं की बायका घरात अडकल्यात आणि दुसरं खातं वर्षं मोजून माणसं सोडत होतं. इंग्लंडमध्ये सरकारने एप्रिल २०२० मध्ये चार हजारांपर्यंत कैदी सोडायचं जाहीर केलं तेव्हा हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यातले लोक सरळ वगळले होते. तिथली योजना इतकी अडखळली की प्रत्यक्षात काहीशे लोकच सुटले, तिचं कौतुक करायचं नाहीये मला, पण शिक्षेची वर्षं सोडून गुन्ह्याचा स्वभाव बघायचा एवढी अक्कल तरी त्यात होती.

गेल्या लेखात मी हे लिहायला हवं होतं अशा आशयाची आणखीही पत्रं आली आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लोकांच्या मनातला जो राग आहे ना, मला वाटतं तो कैदी सुटला याचा कमी आणि आपल्याला न सांगता सुटला याचा जास्त आहे. टीव्हीवर सगळ्या राज्याला कळलं की हजारो कैदी सुटणार, पण ज्या एका माणसाला कळायला हवं होतं त्याला शेजारणीकडून कळलं. मग भीती पसरते ती सगळ्या सुटलेल्यांवर पसरते, कारण कोण कशासाठी सुटलं हे कुणालाच माहीत नाही. तक्रारदाराला दोन दिवस आधी एक फोन, तुमचा आरोपी अमुक तारखेला बाहेर येतोय, तुमच्या घराच्या परिसरात यायचं नाही अशी अट घातलीय, अट मोडली तर या नंबरवर कळवा, एवढं केलं असतं तरी कितीतरी बायका त्या रात्री झोपल्या असत्या, आणि कितीतरी निरुपद्रवी कैद्यांकडे लोकांनी संशयाने बघितलं नसतं.

आता तुमच्यासाठी, आजच्या घडीला काय करता येईल. तो अजून बाहेर असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण आदेश मागा, त्याने तुमच्या घरी, कामाच्या जागी, मुलांच्या शाळेत यायचं नाही असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात आणि तो मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. केस चालू असेल आणि तुम्ही साक्षीदार असाल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती देशभर लागू केली, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, धोका बघून पोलिसांची गस्त, घरात कॅमेरा, काही दिवस दुसरीकडे राहायची सोय असं काही काही मिळू शकतं. फार कमी लोक अर्ज करतात कारण फार कमी लोकांना माहीत आहे. तो पुन्हा जामीन मागेल तेव्हा तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला लावा, पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये ठाम सांगितलंय. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो. आणि तो दारात आला तर वाट बघू नका, ११२ (पोलीस) लावा, १८१ (महिलांची हेल्पलाइन) लावा. शेजारच्या त्या बाईंना आत्ताच सांगून ठेवा की आवाज आला तर त्यांनीही लावायचा.

प्रश्न: मुलगा कच्चा कैदी होता, मारामारीच्या केसमध्ये, २०२० मध्ये तात्पुरत्या जामिनावर सुटला. तो यायच्या आधीच सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो, खाली लिहिलेलं सावध राहा. लोक लिफ्टमधून उतरायचे आम्ही आलो की. धाकट्या मुलीशी मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. तो तीन वर्षं नीट राहिला, कामाला लागला, मग कोर्टाचा आदेश आला आणि स्वतः जाऊन हजर झाला. तेव्हाही ग्रुपवर फोटो, पुन्हा अटक असं लिहून. आम्ही काय करायचं?

आधी त्या आदेशाचं सांगते कारण बाकी वाचकांचाही गोंधळ आहे. २४ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने साथीच्या काळात तात्पुरते सुटलेल्या सगळ्यांना १५ दिवसांत हजर व्हायला सांगितलं, कच्च्या कैद्यांनी हजर होऊन मग नेहमीच्या जामिनाचा अर्ज करायचा, पक्क्या कैद्यांनी शिक्षा स्थगितीचा. तर तुमचा मुलगा हजर झाला ही अटक नव्हती, त्याने कायदा पाळला होता, आणि जे ग्रुपवर लिहिलं ते खोटं होतं. खोटं लिहिणाऱ्याला आणि ग्रुपच्या ॲडमिनला वकिलामार्फत एक साधी नोटीस पाठवा, बदनामी होते ते काढा आणि तसं ग्रुपवर लिहा म्हणावं. भांडण वाढवायला सांगत नाहीये, पण लेखी गेलं की लोक विचार करून लिहितात. सोसायटीला कुणाच्या घरी कोण राहणार हे ठरवायचा, लिफ्ट बंद करायचा, पाणी अडवायचा कसलाही अधिकार नाही, तसं झालं तर निबंधकाकडे आणि पोलिसांकडे तक्रार करता येते.

वरच्या ताईंचं पत्र आणि तुमचं पत्र एकाच आठवड्यात आलं. त्यांना कळवायला हवं होतं आणि कळवलं नाही, तुमच्या बाबतीत ज्यांना कळवायची काही गरज नव्हती अशा शंभर घरांना फोटोसकट कळवलं. "सावध राहा" लिहिणाऱ्याला विचारा, कशापासून? मुलगा कुणाशी भांडला होता, त्या माणसाचं काय, त्याला कोणी भेटलं का, त्याला भीती वाटते का? याचं उत्तर ग्रुपवर कुणाकडेच नसेल.

तुमच्या मुलीबद्दल फार वाईट वाटलं. भाऊ तुरुंगात गेला यात तिचं काही नाही आणि हे तिला घरातल्यांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण अशा घरांतली मुलं न बोलता स्वतःलाच दोष देत बसतात. तिच्या वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. एक तरी मैत्रीण घरी येऊ लागली तर बाकीच्या येतील. आणि मुलाच्या जामिनाच्या अर्जात हे तीन वर्षांचं वागणं, नोकरीचा कागद, वेळेत हजर झाल्याची पावती, सगळं लावा, कोर्ट ते बघतं. जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, त्यात आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस चालू नसतील तर. वकिलाला हे विचारा.

ही पत्रं वाचणाऱ्यांत अशा ग्रुपवर असलेले बरेच जण असतील. त्यांना एकच विनंती, फोटो टाकायच्या आधी तो माणूस कच्चा कैदी आहे का पक्का, एवढं तरी विचारा.

प्रश्न: पैसेवाले आणि ओळखीवाले सुटले, गरीब आतच राहिले. बरोबर ना?

अर्धं बरोबर. मोठ्या घोटाळ्यांतले लोक नियमाने वगळले होते, त्यामुळे सगळे पैसेवाले सुटले असं नाही. पण गरीब आत राहिले हे खरं आहे आणि ते साथीच्या आधीही खरं होतं. सोडायचा आदेश झाला तरी जामीनदार लागतो, त्याच्याकडे कागद लागतात, रक्कम लागते, आणि ज्याचं घर दुसऱ्या राज्यात आहे त्याने तो लॉकडाऊनमध्ये आणायचा कुठून? जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर माहिती आली की जामीन मिळूनही केवळ अटी पुऱ्या करता येत नाहीत म्हणून साधारण पाच हजार कच्चे कैदी आतच आहेत, त्यावर कोर्टाने जामिनाचा आदेश लगेच ईमेलने तुरुंगात पाठवा, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करायचा विचार करा असं सांगितलं. लोकांना राग यायचाच असेल तर या पाच हजारांसाठी यावा असं मला मनापासून वाटतं. आणि साथीत एवढे सोडूनही शेवटी काय झालं, २०२१ च्या अखेरीस देशातले कैदी ५,५४,०३४ झाले, शंभराच्या जागेत १३०. म्हणजे मागच्या दाराने जेवढे गेले त्याहून जास्त पुढच्या दाराने आत आले.

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे. साथीत पॅरोलवर आलेला, मग परत जाऊन शिक्षा पूर्ण करून आलेला एक जण कामाला मागतोय. त्याने स्वतःहून सगळं सांगितलं. काम त्याला येतं. पार्टनर नको म्हणतो, गिऱ्हाईक काय म्हणेल म्हणतो. ठेवू का?

गुन्हा काय होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच आधी बघा. पैशाची अफरातफर असेल तर गल्ल्यावर बसवू नका, बाईशी संबंधित गुन्हा असेल तर तुमच्याकडे काम करणाऱ्या बायकांना आधी विचारा, त्यांना न सांगता ठेवू नका. या दोन्हीत बसत नसेल तर माझ्या मते ठेवा. परत जायची वेळ आली तेव्हा पळून न जाता परत गेलेला माणूस आहे तो, आणि कुणी विचारायच्या आधी खरं बोललाय, या दोन गोष्टी कुठल्याही सर्टिफिकेटवर लिहून मिळत नाहीत.

पार्टनरशी भांडू नका, त्यांची भीती खोटी नाही, धंदा दोघांचा आहे. तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवा, पगार बाकीच्यांएवढाच द्या, कमी देऊ नका, कमी पगारात राबवून घेणारे बरेच असतात आणि त्याला दुसरं कोणी ठेवणार नाही हे त्यांना माहीत असतं. बाकीच्या कामगारांना किती सांगायचं ते त्यालाच विचारा. गिऱ्हाइकाला सांगायची काही गरज नाही, तुम्ही बाकीच्या कामगारांचा इतिहास तरी गिऱ्हाइकाला कुठे सांगता? आणि कधी दुकानात काही हरवलं, तुटलं तर पहिलं बोट त्याच्याकडे जाणार, तेव्हा मालक म्हणून तुम्ही आधी चौकशी करा मग बोला, एवढं मात्र त्याला कामावर घ्यायच्या आधी पार्टनरकडून कबूल करून घ्या.